चर्चच्या तळघरातली पंगत

समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येऊ लागले, की अमेरिकेतला म्हातारा माणूस संध्याकाळी घराबाहेर पडणं सोडतो. मोतीबिंदू काढलेला असला तरी धीर होत नाही. उत्तरेकडच्या राज्यांत डिसेंबरात साडेचार-पाचलाच काळोख होतो, फुटपाथ असलाच तर बर्फाखाली असतो आणि बस बहुतेक गावांत नसतेच. संध्याकाळ हातची गेली की नाटक गेलं, व्याख्यान गेलं, मित्राकडचं जेवण गेलं. उरते दुपार. तिथल्या चर्चमध्ये ज्येष्ठांसाठी चालणारे कार्यक्रम भर दुपारी, जेवणाला धरून का असतात, याचं निम्मं उत्तर त्या दिव्यांत आहे. उरलेलं निम्मं सरळ आहे. रविवार सोडला तर चर्चचं सभागृह आठवडाभर रिकामं असतं, आणि एकट्या माणसाला स्वतःपुरतं दुपारचं जेवण रांधायचा कंटाळा येतो. आपल्याकडे दुपारी एक ते चार ही वामकुक्षीची वेळ. त्या वेळेत पुण्यात व्याख्यान ठेवलं तर श्रोते सोडाच, व्याख्याताही यायचा नाही.

या कार्यक्रमांना ठरलेलं असं एक नाव नाही. कुठे 'लंच अँड लर्न' म्हणतात, कुठे 'ॲडव्हेंचर्स इन लर्निंग'. त्यामागच्या मंडळांची नावं मात्र मजेदार असतात. 'ओडब्ल्यूएल', म्हणजे घुबडं: वयानं मोठी, शहाणी आणि अजून हौशी. 'एक्सवायझेड', म्हणजे 'एक्स्ट्रा इयर्स ऑफ झेस्ट', उमेदीची वाढीव वर्षं. 'टीनएजर्स'ला शह म्हणून 'कीनएजर्स'. म्हातारपणाला म्हातारपण म्हणायचं नाही ही अमेरिकन खोड या नावांतून दिसते, पण त्यात थोडी स्वतःची थट्टाही असते, म्हणून ती खटकत नाहीत.

जागा बहुतेक ठिकाणी सारखीच: प्रार्थनेच्या दालनाखालचा किंवा शेजारचा 'फेलोशिप हॉल'. गोल टेबलं, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं पिंप, छातीवर चिकटवायचे नावाचे कागद. जेवण कधी विकत आणलेलं, कधी चर्चच्याच स्वयंपाकघरात केलेलं, कधी ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणून जमवलेलं. मिनेसोटाकडे गेलात तर भाजी, मांस आणि बटाटे एकत्र भाजलेली 'हॉटडिश' असते आणि तिच्या शेजारी हिरवीगार जेली थरथरत असते. पाच-दहा डॉलर टोपलीत टाकायचे, नसतील तर कुणी विचारत नाही. खाणं उरकत आलं की कुणीतरी ग्लासवर चमचा वाजवतो आणि पाहुण्याची ओळख करून देतो. तासाभराचं बोलणं, प्रश्न, मग खुर्च्यांची आवराआवर. तीनच्या आत सगळे घरी.

हे सगळं वरवर साधं, थोडं बाळबोधही दिसतं. पण त्यामागे दीडशे वर्षांचा वारसा आहे आणि पन्नास वर्षांचा एक वादही आहे. म्हाताऱ्या माणसाला पाहुणा म्हणून जेवू घालायचं, की यजमान म्हणून कामाला लावायचं, असा तो वाद. मला त्यात दुसरी बाजू बरोबर वाटते, आणि हा लेख त्या बाजूनं झुकलेला आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

वारसा शटाक्वाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या शटाक्वा सरोवराच्या काठी १८७४ मध्ये जॉन हेल व्हिन्सेंट हा मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि लुईस मिलर हा कारखानदार या दोघांनी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. बायबल शिकवायला जमलेल्या माणसांना लवकरच विज्ञान, इतिहास, संगीत, राजकारण हेही हवंसं झालं. १८७८ मध्ये तिथूनच घरबसल्या वाचनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. कॉलेजाचं तोंड न पाहिलेल्या हजारो स्त्री-पुरुषांनी, विशेषतः लहान गावांतल्या बायकांनी, तो पुरा केला. शिकायला वय नसतं आणि शिकायची जागा चर्चला लागून असू शकते, ही गोष्ट अमेरिकेच्या मध्यमवर्गात तेव्हापासून मुरली. तरी तो सगळा खटाटोप 'प्रौढां'चा होता. म्हातारी माणसं ही वेगळी मंडळी आहेत हे ध्यानात यायला विसावं शतक निम्मं सरावं लागलं.

न्यूयॉर्कमध्ये ते १९४३ मध्ये ध्यानात आलं. मदत मागायला सरकारी कचेरीत येणारे काही वृद्ध काम झालं तरी रेंगाळतात, पुन्हा पुन्हा काहीतरी निमित्त काढून येतात, असं समाजसेवकांना दिसलं. त्यांना पैशांइतकीच बोलायला माणसं हवी होती. त्यातून ब्राँक्समध्ये विल्यम हॉडसन केंद्र उभं राहिलं. अमेरिकेतलं पहिलं ज्येष्ठ नागरिक केंद्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. चर्चच्या बाजूनं याच सुमाराला विचार सुरू झाला होता. पॉल मेव्हज आणि लेनार्ट सीडरलीफ यांचं 'ओल्डर पीपल अँड द चर्च' हे पुस्तक १९४९ चं. तोवर चर्चच्या लेखी म्हातारा माणूस म्हणजे आजारपणात भेटायचा, नाताळात फळांची करंडी पोचवायचा आणि शेवटी पुरायचा माणूस होता.

खरं वळण १९७२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत आलं. तिथल्या सेंट्रल युनायटेड मेथडिस्ट चर्चचे पाद्री एल्बर्ट कोल यांच्यापुढे वृद्धांसाठी निवास बांधण्याचा विचार आला होता. अशा वास्तूला देणग्या मिळतात, कोनशिला बसते, वर्तमानपत्रात फोटो येतो. कोल यांनी आकडे पाहिले. शंभरातले जेमतेम पाच वृद्ध संस्थांमध्ये राहत होते. उरलेल्या पंचाण्णवांचं काय, हा प्रश्न त्यांनी उचलला. हे पंचाण्णव आपापल्या घरी होते, बहुतेक हिंडते-फिरते होते आणि त्यांना घरीच राहायचं होतं. कोल यांनी वीसहून अधिक चर्च आणि सिनेगॉग यांची मोट बांधली आणि 'शेफर्ड्स सेंटर' सुरू केलं. पहिलं काम अगदी लहान होतं. मूठभर निवृत्त पुरुषांनी घराबाहेर पडू न शकणाऱ्या काही बायकांना जेवणाचे डबे पोचवायचे.

यातली मेख बघा. डबे पोचवणारेही म्हातारे होते. कोल यांनी ज्येष्ठांसाठी सेवा काढली नाही, ज्येष्ठांच्या हातून काढली. शेजारच्याचा नळ दुरुस्त करणं, दवाखान्यात सोबत जाणं, फोनवर रोज विचारपूस करणं, ही सगळी कामं साठीनंतरच्यांनी साठीनंतरच्यांसाठी करायची. 'ॲडव्हेंचर्स इन लर्निंग' हा त्यातलाच एक भाग. आठवड्यातून एक दिवस, सकाळी दोन-तीन वर्ग, मध्ये जेवण आणि त्यासोबत एक वक्ता, पुढे आणखी वर्ग. शिकवणारे बिनपगारी, आणि पुष्कळदा शिकणाऱ्यांतलेच. स्पॅनिश शिकवणारी बाई पुढच्या तासाला जलरंगाच्या वर्गात विद्यार्थिनी होऊन बसायची. माणसाच्या उतारवयातल्या गरजांची कोल यांनी चार खणांत मांडणी केली होती: जगणं चालू ठेवणं, ते समृद्ध करणं, मोडलं तर पुन्हा उभारणं, आणि त्यापलीकडचं काही शोधणं. पाद्र्यानं चौथ्या खणापासून सुरुवात केली असती तर नवल नव्हतं; यांनी पहिल्यापासून केली. पुढे पत्नीला अल्झायमर्स झाला तेव्हा कोल यांनी तिला घरात न ठेवता प्रवासात, सभांमध्ये बरोबर नेलं. माणूस आपलं म्हणणं स्वतःच्या घरात किती पाळतो, हेही पाहावं लागतं.

हे रूप पुढे डझनावारी गावांत गेलं. व्हर्जिनियात रिचमंडच्या शेफर्ड्स सेंटरनं आपल्या वर्गांना थाटात 'ओपन युनिव्हर्सिटी' हे नाव दिलं. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो आणि विन्स्टन-सेलमला अशी केंद्रं आहेत. पण नाव न घेता ही कल्पना उचलणारी चर्चं त्याहून कितीतरी जास्त. त्यांची मोजदाद कुणी केलेली नाही आणि करता येईल असंही वाटत नाही.

योगायोग असा, की त्याच १९७२ मध्ये सरकारही या पंगतीत उतरलं. वृद्धांसाठीचा 'ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट' १९६५ चा, लिंडन जॉन्सन यांच्या काळातला. १९७२ च्या दुरुस्तीनं त्यात सामुदायिक भोजनाची देशव्यापी योजना आली. साठ वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्नाचा दाखला न मागता जेवण. शक्य असेल तर स्वेच्छेनं काही पैसे द्यावेत, सक्ती नाही. ताटात दिवसाच्या पोषणाचा किमान तिसरा हिस्सा असला पाहिजे हा नियम. ही योजना राबवायला जागा हवी होती आणि गावोगावी मोठं स्वयंपाकघर, टेबलं, पार्किंग असलेली तयार जागा एकच होती. त्यामुळे सरकारी ताटं मोठ्या संख्येनं चर्चच्याच सभागृहात मांडली गेली. एकाच तळघरात मंगळवारी सरकारचं जेवण आणि गुरुवारी चर्चचं, असंही घडू लागलं.

दोन्ही जेवणांत फरक आहे. सरकार ताटं मोजतं, कारण पैसे ताटामागे मिळतात. आहारतज्ज्ञानं मंजूर केलेला पदार्थांचा तक्ता असतो, अन्नाचं तापमान नोंदवावं लागतं, येणाऱ्याची सही लागते. गरिबापर्यंत पोचायचं तर ही शिस्त लागतेच, आणि ज्याच्या फ्रिजमध्ये खरोखर काही नाही त्याला चर्चच्या महिन्यातून एकदाच्या हौशी भोजनाचा काडीचा उपयोग नाही. हे चर्चवाल्या मंडळींनी कबूल केलं पाहिजे. उलट सरकारी भोजनात पुष्कळदा बोलणं होत नाही, माणूस जेवतो आणि निघतो. धर्माचा काटाही तिथेच रुततो. २००३ मध्ये टेक्सासच्या बाल्च स्प्रिंग्ज गावात नगरपालिकेच्या ज्येष्ठ केंद्रात जेवणापूर्वी प्रार्थना म्हणायची नाही, भक्तिगीतं गायची नाहीत, असं सांगण्यात आलं. म्हातारी मंडळी थेट कोर्टात गेली आणि शेवटी समझोत्यात त्यांना हवं ते मिळालं. ऐंशीच्या घरातली माणसं 'वदनी कवळ घेता' म्हणायच्या हक्कासाठी नगरपालिकेवर खटला भरताहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्यांच्या लेखी त्या दोन ओळींची किंमत कळेल.

मग मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न: हे धर्मांतराचं गोड दार आहे का? जुन्या मुख्य प्रवाहातल्या पंथांत, म्हणजे मेथडिस्ट, लुथेरन, प्रेस्बिटेरियन, एपिस्कोपल यांच्यात, बहुधा नाही. जेवणाआधी छोटी प्रार्थना असते, ती म्हणायची नसेल तर गप्प बसायचं. व्याख्यान औषधांवर, यादवी युद्धावर किंवा गावातल्या जुन्या रेल्वे स्टेशनावर असतं. काही चर्च मात्र रविवारच्या उपासनेचं आमंत्रण हातात ठेवल्याशिवाय सोडत नाहीत. फरक पहिल्या भेटीत कळतो. नावाच्या कागदाबरोबर फोन नंबर आणि 'तुमचं चर्च कोणतं' असं लिहून घेत असतील, तर ओळखावं.

आता शिकण्याकडे वळू, कारण इथे माझी तक्रार आहे. वर्षाचा कार्यक्रम पाहिला तर त्यात ऋतुचक्र दिसतं. ऑक्टोबरात मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर बोलायला कुणीतरी येतं, कारण १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात योजना बदलता येते आणि त्या कागदांचा अर्थ पीएच.डी. झालेल्यालाही लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आयकर भरून देणारे स्वयंसेवक येतात. निवृत्तांच्या एएआरपी या बलाढ्य संघटनेनं ती सेवा १९६८ मध्ये सुरू केली. मग पडण्यापासून जपण्याचा वर्ग, कारण पासष्टीनंतर दर चारांत एकाहून अधिक माणसं वर्षाकाठी एकदा तरी पडतात. मग फसवणुकीवर बोलायला पोलीस. साठीपुढच्या अमेरिकनांनी एकट्या २०२३ मध्ये ३.४ अब्ज डॉलर भामट्यांच्या घशात घातल्याची नोंद एफबीआयकडे आहे. 'आजी, मी तुरुंगात आहे, आईला सांगू नकोस' असा नातवाच्या आवाजातला फोन येतो आणि आजी पैसे पाठवते. अशा फोनची गोष्ट टेबलावरची शेजारीण स्वतः सांगते, तेव्हा ती पत्रकापेक्षा जास्त लक्षात राहते.

हे सगळं उपयोगाचं आहे. पण ते शिकणं नव्हे, ती माहिती झाली. जेवणानंतरचं तासाभराचं व्याख्यान, त्यात पडद्यावर कुणाच्या तरी आइसलँडच्या सहलीचे फोटो, अर्धे श्रोते पेंगताहेत. यातून बुद्धी तल्लख राहते असा दावा पत्रकांत सर्रास असतो, तो फुगवलेला आहे. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी साठ ते नव्वद वयाच्या २२१ माणसांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना गोधडी शिवणं किंवा डिजिटल फोटोग्राफी अशी नवी आणि अवघड विद्या शिकवली, आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. काहींना तेवढाच वेळ नुसतं एकत्र भेटायला, गप्पा आणि सहलींना दिला. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती अवघड काही शिकणाऱ्यांत. नुसत्या मौजेच्या गटात तशी नाही. म्हणजे डोक्याला ताण हवा. महिन्यातून एकदा दीड तास बसून तो येत नाही. इथे कोल यांची जुनी पद्धत, आठवड्यातून एक अख्खा दिवस, सलग काही आठवडे, प्रत्येक वर्गात एकच विषय, ही आजच्या 'लंच अँड लर्न'पेक्षा कितीतरी शहाणी होती. पुढच्यांनी सोयीसाठी ती पातळ केली.

ज्यांना खरोखर अभ्यास हवा होता ते चर्चबाहेर गेले. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये १९६२ मध्ये निवृत्त व्यावसायिकांनी स्वतःच स्वतःला शिकवायची संस्था काढली. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ मध्ये पिएर व्हेलास यांनी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू केलं, ते ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये पोचलं आणि तिथे त्यानं प्राध्यापकांना रजा देऊन सगळा कारभार सभासदांच्याच हाती दिला. १९७५ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये ज्येष्ठांनी विद्यापीठात राहून शिकायचं 'एल्डरहॉस्टेल' आलं. या शतकाच्या आरंभापासून ऑशर फाउंडेशनच्या पैशांवर शंभराहून अधिक विद्यापीठांत ज्येष्ठांचे वर्ग चालतात. दर्जा उत्तम. पण तिथे जाणारा माणूस बहुधा आधीच पदवीधर असतो, फी भरू शकतो आणि विद्यापीठाच्या आवाराला बिचकत नाही. ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस किंवा चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली बाई तिथे पाऊल टाकत नाही. चर्चच्या तळघरात टाकते, कारण तिथे तिचं लग्न झालेलं असतं.

एकटेपणाची बाजू आता सगळ्यांना पाठ झाली आहे, म्हणून थोडक्यात. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांवर माणसांची माहिती एकत्र केली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे निम्म्यानं जास्त होती. ब्रिटननं २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, कर्नाटकातल्या कुटुंबातले विवेक मूर्ती, यांनी २०२३ मध्ये या विषयावर देशाला इशारा दिला. पण एक गफलत टाळली पाहिजे. जे जेवायला येतात ते मुळातच चालू-फिरू शकणारे, बोलके, गाडी असलेले असतात. ते जास्त जगले तर श्रेय हॉटडिशला द्यायचं की आधीपासूनच्या प्रकृतीला, हे सांगता येत नाही. एकटेपणाचं सगळ्यात मोठं ओझं ज्याच्या पाठीवर असतं तो त्या सभागृहात नसतोच.

कोण नसतं? पुरुष कमी असतात. बायका जास्त जगतात हे एक कारण, पण तेवढंच नाही. विधुर माणसाला 'या, गप्पा मारा' असं बोलावलं तर तो येत नाही. 'मंगळवारी टेबलं मांडायला माणूस कमी आहे' म्हटलं की येतो. निवृत्त पुरुषांचे आपापले 'रोमिओ' गट असतात. अर्थ एवढाच, की बाहेर खाणारे निवृत्त म्हातारे. त्यांना व्याख्यान नको, हॉटेलातलं ठरलेलं टेबल हवं. कॅन्सस सिटीत सुरुवात डबे पोचवणाऱ्या पुरुषांनी झाली, हे मला म्हणूनच अपघात वाटत नाही.

मग चाकाच्या खुर्चीतली माणसं. तळघरात उतरायला बारा-पंधरा पायऱ्या असतात. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकन कायदा १९९० चा आहे, पण सार्वजनिक जागांबाबतच्या त्याच्या तरतुदींतून धार्मिक संस्थांना सूट आहे. त्यामुळे लिफ्ट बसवायची की नाही हे चर्चच्या मनावर आणि तिजोरीवर. ऐकण्याचं दुखणं याहून व्यापक. खाली फरशी, वर सपाट छत, साठ माणसं एकदम बोलताहेत, चमचे वाजताहेत. श्रवणयंत्र लावणाऱ्याला त्यात गोंगाटाशिवाय काही मिळत नाही. तो दोनदा येतो, हसून मान हलवतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. पोषणावर, भक्तीवर, मेंदूवर बोलणाऱ्यांनी टेबलांवर कापड अंथरलं आणि माइक नीट केला तरी हजेरी वाढेल. आणि शेवटी, गाडी सोडून दिलेली माणसं. ज्या चर्चकडे व्हॅन आणि चालक आहे तिथे नव्वदीचे लोक येतात. जिथे नाही तिथे ते येत नाहीत.

आता यजमानच क्षीण होतो आहे. गॅलपच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या चर्च, सिनेगॉग वा मशिदीचे सभासद होते. २०२० मध्ये ते प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं, पहिल्यांदाच निम्म्याखाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत पासष्टीपुढची माणसं ५ कोटी ५८ लाख भरली, एकूण लोकसंख्येच्या १६.८ टक्के. म्हातारे वाढताहेत आणि त्यांना जेवू घालणारी सभागृहं विकली जाताहेत, कुठे त्यांचे फ्लॅट होताहेत. त्यात कोविड आला. मार्च २०२० मध्ये पंगती उठल्या, जेवण गाडीच्या खिडकीतून हाती आलं, व्याख्यानं झूमवर गेली. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना झूमनं पहिल्यांदा वर्गात आणलं हे खरं, पण एकत्र जेवणं पडद्यावर होत नाही. दारं पुन्हा उघडल्यावर काही मंडळांची हजेरी भरून आली नाही. नव्वदीच्या माणसाची दोन वर्षांची सवय मोडली तर ती परत लागायला वेळ कुठून आणायचा?

जिथे चर्च वाढतं आहे तिथे मात्र हे भोजनही वाढतं. स्थलांतरितांची चर्चं पाहा. कोरियन-अमेरिकन चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं ही रीतच आहे. शिवाय अनेक ठिकाणी आजी-आजोबांसाठी 'ज्येष्ठ महाविद्यालय' भरतं: इंग्रजी, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, गाणं, नाच आणि भात-किमचीचं जेवण. मुलांच्या मागोमाग परक्या देशात आलेल्या, भाषा न येणाऱ्या, गाडी न चालवणाऱ्या म्हाताऱ्यांचा हा प्रश्न. तो आपल्याला नवा नाही.

न्यू जर्सी, शिकागो, डॅलस, कॅलिफोर्नियाच्या उपनगरांत मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले मराठी आई-वडील हेच जगतात. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, बाहेर चिटपाखरू नाही, आणि ज्या ओट्यावर दोन बायका भेटाव्यात तो ओटाच नाही. मराठी मंडळी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भेटतात, म्हणजे मुलांच्या सवडीनं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा 'उत्तररंग' हा उपक्रम तिथेच स्थायिक झालेल्या, आता साठी ओलांडलेल्या पिढीसाठी आहे आणि तो हवाच होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये 'इंडिया होम' ही संस्था २००७ पासून दक्षिण आशियाई ज्येष्ठांना त्यांच्या चवीचं जेवण आणि त्यांच्या भाषेतली सोबत देते. पण आठवड्यातल्या बुधवारी दुपारी बारा वाजता चालत जाता येईल अशी जागा बहुतेक उपनगरांत एकच असते, आणि तिच्यावर क्रूस असतो. गंमत म्हणजे त्या इमारती मराठी माणसाला परक्या नाहीत. तिथल्या कितीतरी मंडळांचे पहिले गणपती भाड्यानं घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्येच बसले.

इकडे महाराष्ट्रात या व्यवस्थेचे दोन अर्धे तुकडे वेगवेगळे आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांत आणि महापालिकांच्या विरंगुळा केंद्रांत माणसं भेटतात, व्याख्यानं होतात, वाढदिवस साजरे होतात, पण जेवण क्वचित, चहा-बिस्किटावर भागतं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशननं आपल्या भेटीच्या केंद्रांना 'चाय मस्ती' असंच नाव दिलं. दुसरा तुकडा गावात अखंड हरिनाम सप्ताहात दिसतो. सकाळी पारायण, संध्याकाळी कीर्तन, शेवटी काल्याचं जेवण, आणि वाढायला, निवडायला, पाणी भरायला गावातलीच पिकली माणसं. शिकणं, जेवणं आणि राबणं एका मांडवात आणण्यात शटाक्वावाल्यांनी काही नवीन केलं नाही असं एखादा वारकरी म्हणेल, आणि त्याला उत्तर देणं अवघड जाईल. फक्त सप्ताह वर्षातून सात दिवस असतो. विरंगुळा केंद्राला स्वयंपाकघर जोडून आठवड्यातल्या एका दुपारी, वामकुक्षीचा एक दिवस मोडून, हे का होऊ नये? जे एकटे राहतात आणि दोन पोळ्यांसाठी कणीक भिजवायचा ज्यांना कंटाळा येतो, अशांची संख्या पुण्या-मुंबईत आता कमी राहिलेली नाही.

ते होईल तेव्हा होईल. तूर्तास, तुमचे आई-वडील येत्या उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेला निघाले असतील, तर सामानात मेतकूट-भाजणी भरताना त्यांना एवढं सांगा. घरापासून चालत जाता येईल असं चर्च असेल तर त्याच्या दारावरचा फलक वाचा. दुपारचं भोजन लिहिलेलं असलं तर फोन करा, मांस खात नाही हे आधी सांगा, आणि पहिल्या खेपेला नुसते जेवून या. दुसऱ्या खेपेला अर्धा तास आधी जाऊन विचारा, खुर्च्या कुठे मांडायच्या.